पिंपाचं खरं वजन

गोचीड सापडला तो तिसऱ्या मजल्यावरच्या बाळाच्या कानामागे. आईला आधी तीळ वाटला. मग तिच्या लक्षात आलं, काल आंघोळ घालताना इथे तीळ नव्हता. ती जी किंचाळली ते चारही मजल्यांना ऐकू गेलं, आणि त्याच रविवारी खाली अंगणात सभा भरली.

आमचे सेक्रेटरी म्हणजे पहिल्या मजल्यावरचे निवृत्त तिकीट तपासनीस. माणूस वाईट नाही, पण समोर कोणी येऊन उभं राहिलं की याच्याकडे काहीतरी नसणार, अशी खात्री त्यांच्या डोळ्यांत आधीच असते. त्यांनी ठराव घरूनच लिहून आणला होता. एक महिन्याची मुदत. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तपासणी. जिन्यात किंवा कुठल्याही कुत्र्याच्या अंगावर एक जरी गोचीड सापडला, तर इमारतीत कुत्री बंद. नऊच्या नऊ.

माझ्या शेजारी माझे दीर बसले होते. जन्मभर शिंपीकाम केलं, लग्न केलं नाही. आमचे हे गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि भावजींचं काळं, गोल चेहऱ्याचं कुत्रं. त्याचं नाव बटण.

"वहिनी," ते माझ्या कानाशी पुटपुटले, "बटण गेलं तर मीही जाणार. दुकानामागे खोली आहे ती झाडून घेतो."

"आणि मी?"

"तुम्हाला कोण हाकलतंय? तुम्ही काही चावत नाही."

त्यांना ती थट्टा वाटली. मला मात्र सकाळी एकच कप विसळून पालथा घातलेला दिसायला लागला. रोज कुणाशी तरी भांडल्याशिवाय मला चहा उतरत नाही, आणि गेली अकरा वर्षं ते काम भावजी चोख करत होते. मी उठून उभी राहिले.

"मुदत मान्य," मी म्हटलं. "पण औषध मी निवडणार. आणि मी सांगेन ते प्रत्येक घराने ऐकायचं."

"आजी, औषधाचं मी बघितलंय," सेक्रेटरी म्हणाले. "एकच औषध घाऊक आणायचं, सगळ्या कुत्र्यांना सारखं. कोणाची तक्रार नको."

"तुम्ही गाडीतले सगळे प्रवासी एकाच स्टेशनावर उतरवत होतात का?"

अंगण हसलं. सेक्रेटरी हसले नाहीत, पण त्यांनी ठरावात माझं म्हणणं लिहून घेतलं. जुन्या लोकांना माहीत होतं की मी अठ्ठावीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. नव्यांना त्यांनी सांगितलं. बाळाची आई तेवढी माझ्याकडे टक लावून बघत होती. तिला माझ्या अठ्ठावीस वर्षांशी काही घेणं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

आमच्या वेळी हे काम सोपं होतं असं लोकांना वाटतं. सोपं कसलं, आडदांड होतं. दवाखान्याच्या मागे एक सिमेंटचा हौद होता. त्यात पांढुरकं औषध कालवायचं आणि येईल ते कुत्रं मानेपर्यंत बुडवायचं. त्याआधी अंगावरचे मोठे गोचीड चिमट्याने ओढून रॉकेलच्या डब्यात टाकायचे. डब्याच्या तळाशी त्यांचा टक् टक् आवाज यायचा. मोठे डॉक्टर तेवढ्या आवाजावरून आत बसून सांगायचे, "बाई, या कुत्र्याला बुडवूच नका, आधी रक्त तपासू." माझ्या हातांना तो वास रविवारीही यायचा. हे म्हणायचे, तू लाटलेल्या पोळीलाही गोचीड लागायचा नाही.

त्या दिवसांतली एक गोष्ट मात्र मी कधी हसत सांगितलेली नाही. एक बाई कुत्र्याचं औषध मागायला आल्या. मी कुत्र्याचं वजन विचारलं, वय विचारलं, बाटली दिली. तिसऱ्या दिवशी त्या रिकामी टोपली घेऊन आल्या. कुत्रं ठणठणीत होतं. पण घरात मांजर होती, ती कुत्र्याच्या कुशीत झोपायची आणि त्याला चाटायची. कुत्र्याला चालणारं ते औषध मांजरीला विष होतं. बाई मला काही बोलल्या नाहीत. "तुम्ही विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून वजनाच्याही आधी माझा पहिला प्रश्न एकच: घरात आणखी कोण आहे?

तोच प्रश्न घेऊन मी दुसऱ्या दिवशी चार मजले चढले. प्रत्येक कुत्र्याचा एक कागद केला. चौथ्या मजल्यावर शिक्षकांकडे कुत्र्याबरोबर दोन मांजरी निघाल्या, त्यातली एक तर त्यांच्या बायकोलाही माहीत नव्हती. एका घरी सहा आठवड्यांचं पिल्लू होतं. दुसऱ्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे राहतात, त्यांच्या म्हाताऱ्या कुत्रीचा कागद भरताना ते माझी नजर टाळत होते.

"कधी आजारी पडली होती का?"

"छे. कधीतरी थरथरते. थंडीने."

"आणि तोंडाला फेस येतो तो पण थंडीनेच का?"

त्यांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "दोनदा झालंय. कुणाला सांगू नका. आधीच हिला बाहेर काढायला टपलेत."

"मला सांगितलंत ते बरं केलंत. नाहीतर मीच तिला झटके आणले असते. हल्लीच्या चघळायच्या गोळ्या चांगल्या आहेत, पण फिट येणाऱ्या कुत्र्याला त्या जपून, शक्यतो नाहीच."

शेवटचं घर गाणंवाल्या बाईंचं, तिसऱ्या मजल्यावर, बाळाच्या घरासमोर. बाई गाणं शिकवतात. त्यांच्या कुत्र्याचं नाव सूर. पण बाईंखेरीज सगळी इमारत त्याला पिंप म्हणते. शिष्य तानपुरा लावेपर्यंत पिंप त्यांच्या पिशव्यांतल्या डब्यांची वाट लावतं. बाई एकट्या राहतात आणि कुत्र्याच्या अंगाबद्दल कोणी काही बोललं की त्यांचा चेहरा उतरतो.

"त्याची हाडं रुंद आहेत," त्यांनी दार उघडल्या उघडल्याच मला सांगितलं.

"आंघोळ कितीदा घालता?"

"दर शुक्रवारी. शाम्पूने."

"मग मानेवर टाकायचे थेंब याला नकोत. वाहून जातील. गोळी देऊ."

आता राहिलं फक्त वजन. गोळी वजनाप्रमाणे असते. वीस किलोपर्यंत एक, त्याच्या वर तिच्याहून मोठी. कोपऱ्यावरच्या वाण्याने पोती मोजायचा काटा एका सकाळपुरता अंगणात आणून द्यायचं कबूल केलं. आणि नेमक्या त्याच सकाळी मी शेवटच्या पायरीवर गुडघा मुरगळून बसले.

"तुम्ही पडून राहा," भावजी म्हणाले. "आयुष्यभर मापंच घेतलीत मी. नऊ कुत्री म्हणजे काय नऊ शेरवान्या आहेत?"

तासाभरात ते नऊ आकडे घेऊन वर आले. अक्षर सुरेख, आकड्यांखाली रेघ. मी ते घेऊन रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. वयाने माझ्या नातीएवढी असेल, पण घाई नाही. एकेक कागद तिने वाचला. आम्ही दोघींनी मिळून निवड केली. मांजरीवाल्या घराला गोळी, म्हणजे कुत्र्याच्या अंगावर चाटण्यासारखं काही राहायला नको. झटकेवालीला औषधी गळपट्टा. पिल्लाला त्याच्या वयाला चालणारा सौम्य फवारा. बाकीच्यांना कुणाला थेंब, कुणाला गोळी. जंतांची गोळी सगळ्यांना वेगळी, तिचा गोचिडांशी संबंध नाही हे मी तिच्याकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलं, कारण एक गोळी दिली की सगळं झालं असं अर्ध्या इमारतीला वाटणार हे मला ठाऊक होतं.

"आजी, तुम्ही माझ्याकडे नोकरीला या," ती म्हणाली.

"गुडघा बरा झाला की बघू."

पहिल्या आठवड्यात जिन्यात मेलेले गोचीड सापडायला लागले. मी रोज सकाळी विजेरी आणि पांढऱ्या कापडाचा तुकडा घेऊन एकेक पायरी करत चढायचे. भिंत आणि पायरी मिळते तिथल्या फटीतून कापड फिरवायचं, झटकायचं, बघायचं. गोचीड फक्त कुत्र्यावर राहत नाही. पोट भरलं की तो उतरतो आणि फटीत जाऊन बसतो. दुसऱ्या आठवड्यात कापड स्वच्छ यायला लागलं. सेक्रेटरी वर्तमानपत्राआडून बघत असायचे.

"काही सापडलं?"

"तुमच्या दारापुढे एक शेंगदाण्याचं साल सापडलं."

आणि मग एकविसाव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर, गाणंवाल्या बाईंच्या उंबऱ्याजवळ, कापडावर एक आला. जिवंत. राखाडी, टम्म, वाटाण्याएवढा.

मी तिथेच पायरीवर बसले. लहान, चपटा गोचीड दिसला असता तर मी घाबरले नसते. तो बाहेरून आला असेल, कुत्र्याला चावेल आणि मरेल. पण हा पोटभर जेवलेला होता. इतकं फुगायला त्याला आठवडाभर रक्त प्यावं लागतं, आणि औषध लागू असलेल्या कुत्र्यावर तो दोन दिवसही टिकत नाही. म्हणजे आमच्या नऊपैकी एका कुत्र्याला औषध पुरत नव्हतं. माझी निवड चुकली होती. तपासणीला आठ दिवस उरले होते.

घरी येऊन मी सगळे कागद पलंगावर पसरले. पिंपाच्या कागदावर वजन होतं एकोणीस. मी तो आकडा तीन आठवड्यांपूर्वी डोळे झाकून घेतला होता, कारण गुडघा ठणकत होता आणि अक्षर सुरेख होतं. आता मी डोळ्यांपुढे पिंप आणलं. दवाखान्यात मी कुत्रं दारातून आत येताना वजन सांगायचे आणि मोठे डॉक्टर काटा लावून बघायचे. किलोभराहून जास्त मी कधी चुकले नाही. पिंप म्हणजे तीसच्या खाली शक्यच नव्हतं.

भावजी मशीनवर बसून कुणाचीतरी बाही उलटी करत होते.

"भावजी, पिंप काट्यावर किती भरलं होतं?"

मशीन थांबलं. "लिहिलंय की कागदावर."

"कागद मी वाचलाय. काट्यावर किती होतं?"

त्यांनी सुई वर केली, धागा कापला, चष्मा पुसला. एवढा सगळा सरंजाम झाल्यावर म्हणाले, "एकतीस."

"मग एकोणीस कुठून आलं?"

"वहिनी, बाई समोर उभ्या होत्या. सगळी इमारत गोळा झालेली. काट्याचं तोंड माझ्याकडे होतं. त्यांनी विचारलं, 'किती हो?' आणि त्यांचा चेहरा असा..." त्यांनी चेहरा करून दाखवला. "चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप मोठ्याने दोन इंच कमीच सांगत आलोय. तोंडातून आपोआप निघून गेलं."

"आणि कापताना?"

"कापताना बरोबरच कापतो! माप वेगळं लिहून ठेवतो, गुपचूप. नाहीतर पँट वर चढेल का?"

"मग हे गुपचूप का नाही लिहिलंत?"

"ते..." त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "ते राहूनच गेलं. इथे मला थोडंच काही शिवायचं होतं?"

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. शिंपीकामाबद्दल मी त्या दुपारी जे म्हटलं ते मागे घ्यायला मला पुढे दोन दिवस लागले. बटण पलंगाखाली जाऊन बसलं होतं. शेवटी भावजी उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "बाईंना मीच जाऊन सांगतो."

मी त्यांच्या मागोमाग जिना चढले. गुडघा दुखत होता, पण हे मला चुकवायचं नव्हतं. आत कुणीतरी सा लावत होतं. बाईंनी दार उघडलं.

"बाई, मी तुमच्याशी खोटं बोललो," भावजी एका दमात म्हणाले. "सूर एकोणीस किलो नाही. एकतीस आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी बारा किलो गिळले. त्यामुळे त्याला गोळी कमी पडली, आणि आता सगळ्यांची कुत्री जातील ती माझ्यामुळे."

आतला सा हळूहळू खाली घसरला. मग बाई म्हणाल्या, "एकतीस? मला वाटलं पस्तीस असेल."

"म्हणजे तुम्हाला..."

"अहो, रोज रात्री तो माझ्या पायांवर झोपतो. मला कळणार नाही? तुम्ही एकोणीस म्हणालात तेव्हा मला वाटलं, असू दे, एका माणसाला तरी तो बारीक दिसतो."

मी हसू दाबायला भिंतीकडे तोंड केलं. पण वेळ नव्हता. तसंच पिंपाला घेऊन आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तिने त्याला तपासलं, कधी फिट आली होती का विचारलं, आधीच्या गोळीची तारीख बघितली आणि म्हणाली, "आज पूर्ण वजनाची देऊन टाकू." केसांत बोटं घातली तर मानेच्या घडीत आणखी सात निघाले. पिंपाने गोळी गिळली आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरचं पेनाचं टोपणही गिळायचा प्रयत्न केला.

पुढचे आठ दिवस तिसऱ्या मजल्यावर जे चाललं त्याला मी युद्ध म्हणेन. मी सगळ्या कुत्रेवाल्यांना बोलावून खरं काय ते सांगितलं. चूक आमच्या घरची आहे, तुम्ही शिव्या घाला, पण नंतर. घड्याळजी त्यांचं बारीक हत्यार घेऊन आले आणि फटीफटीतून कचरा कोरून काढला. शिक्षकांनी धूळ ओढायचं मशीन आणलं. पिशवी रोज बाहेर नेऊन बंद डब्यात टाकायची, हे त्यांच्या बायकोने अंगावर घेतलं. बाईंच्या शिष्यांनी आठवडाभर गाण्याऐवजी उकळत्या पाण्याच्या किटल्या वाहिल्या. पिंपाची गादी, चादरी, तानपुऱ्याची गवसणीसुद्धा उकळून निघाली. मग भावजींनी गुडघ्यांवर बसून प्रत्येक फट लांबीच्या लगद्याने भरली, शिवण घालावी तशी सरळ.

चौथ्या दिवशी बाळाची आई दारात येऊन उभी राहिली. बाळ कडेवर.

"अजून आहेत?" तिने विचारलं.

"एक सापडला होता," मी म्हटलं. "औषध कमी पडलं होतं. आमची चूक. आता पूर्ण दिलंय."

मला वाटलं, आता ही सेक्रेटरींकडे जाणार. ती आत गेली आणि किटली घेऊन बाहेर आली.

शेवटच्या रविवारी अंगणात नऊ कुत्री नऊ माणसांसकट ओळीने उभी होती. सेक्रेटरींनी भिंग आणलं होतं. आधी जिना झाला. मी पांढरं कापड फिरवत पुढे, ते विजेरी घेऊन मागे. खाली आलो तेव्हा कापड दुकानातून आणल्यासारखं होतं. मग कुत्री. बटणाच्या कानात बघताना बटणाने त्यांचं नाक चाटलं. झटकेवाली शांत उभी राहिली, गळपट्टा दागिन्यासारखा मिरवत. पिल्लाने त्यांच्या बुटाची नाडी सोडली. आठ कुत्री स्वच्छ. नववं पिंप.

सेक्रेटरींनी त्याच्या मानेची घडी उलगडली आणि त्यांची बोटं थांबली.

"सापडला," ते म्हणाले.

भावजींनी बटणाला उचलून छातीशी धरलं. गाणंवाल्या बाई खाली बसल्या. घड्याळजी कुणाकडेच बघेनात. मला चाळीस वर्षांपूर्वीची ती रिकामी टोपली आठवली, आणि त्याच क्षणी माझे हात आपोआप कामाला लागले. मी पुढे झाले, चिमट्याने तो काढला आणि कापडावर ठेवला.

"ठरावात लिहिलंय, एक जरी," सेक्रेटरी म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, हे सांगायला हवं.

"भिंग द्या."

भिंगाखाली तो तांबूस, सुकलेला, आत ओढलेला होता. पाय पोटाशी आखडलेले. मी त्यावर तोंडाने ऊब सोडली. जिवंत गोचीड माणसाचा श्वास लागला की पाय पसरून धावतो, कितीही सुस्त असला तरी. हा हलला नाही. पुन्हा ऊब दिली. नाही. मी कापड तसंच बाळाच्या आईकडे नेलं, कारण बाकी कुणाला पटलं काय आणि न पटलं काय, सारखंच होतं.

"तूच बघ," मी म्हटलं. "हा पिंपाला चावला आणि मेला. चावून जगला असता तर औषध हरलं असतं. याच्यासाठीच तर गोळी असते."

तिने बाळाला नवऱ्याकडे दिलं. भिंग घेतलं. वाकून स्वतः फुंकर घातली, एकदा, दोनदा. अंगणात फक्त पिंपाचं धापा टाकणं ऐकू येत होतं.

"मेलाय," ती सरळ होत म्हणाली. "मला जिवंत नको होते. मेलेले किती का असेनात."

"पण ठरावात..." सेक्रेटरी.

"काका, तक्रार कोणाची होती? माझी ना? मग ती मी मागे घेते. आणि कुत्री बंद करायची असतील तर पुढच्या वेळी बाहेरून गोचीड आला की मारणार कोण, तुम्ही?"

आधी कोण ओरडलं ते कळलं नाही, बहुतेक शिक्षक. मग नऊच्या नऊ कुत्री एकदम भुंकली, आणि त्यांना गप्प करायचं कुणाच्या मनातच आलं नाही. गाणंवाल्या बाईंनी पिंपाच्या मानेला मिठी मारली. घड्याळजी म्हातारीच्या कपाळावर कपाळ टेकून काहीतरी बोलत होते. बाळ टाळ्या वाजवत होतं, त्याला कारण लागत नाही.

सेक्रेटरींनी गोंगाट ओसरेपर्यंत वाट बघितली. मग खिशातून पेन काढलं, जुना ठराव आडव्या रेघेने खोडला आणि नवा लिहायला घेतला.

"आजी, सांगा. शब्द तुमचे. मी नुसता लिहितो."

अठ्ठावीस वर्षं मी औषधं कालवली, बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या, पण सही नेहमी डॉक्टरांची असायची. मी कापडाची घडी घातली आणि सांगायला लागले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येक कुत्र्याचं वजन होईल. घरात आणखी कोण आहे ते विचारलं जाईल. आजार लपवला जाणार नाही. औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने, ज्याचं त्याला वेगळं.

"वजनाचा आकडा कोण वाचणार, तेही लिहा," बाळाची आई म्हणाली.

सगळ्यांनी भावजींकडे बघितलं. भावजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, आणि भर अंगणात, चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात जाहीर केलं, "वहिनी वाचतील. मी फक्त कुत्री धरेन."

सेक्रेटरींनी तेही लिहिलं. मग वही माझ्यापुढे धरली, आणि मी माझं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, सावकाश, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लिहिलं.